सातवा वाफा

आमच्या शेजारचे मारोतराव कंट्रोलर भेंडी उपटण्याआधी तिला आठ दिवसांची नोटीस देतात. लेखी नव्हे, तोंडी. गणपती उठले, पाऊस जरा हटला, की दिवेलागणीला ते परसात येऊन उभे राहतात, स्टीलचा रिकामा गिलास तोंडाशी धरतात आणि त्यातून बोलतात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर उभी असलेली भेंडी येत्या सोमवारी सकाळी सुटेल. भेंडीने आपले सामान आवरून घ्यावे."

गिलासामुळे तो आवाज त्यांचा राहत नाही. विहिरीत तोंड घालून कुणी बोलावं तसा घुमतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. कपडे तिथंच टाकून खाली आलो आणि बायकोला म्हणालो, "संगीता, शेजारी काहीतरी आहे." ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "कंट्रोलरसाहेब आहेत. भाजीला सांगून राहिले." जसं काही सगळ्याच कॉलन्यांत भाजीला सांगतात!

मारोतरावांनी उभी नोकरी एस.टी.त काढली. स्टँडावरच्या त्या काचेच्या खोपटात बसून गाड्या लावायच्या, गाड्या सोडायच्या आणि माईकवरून गावाला सांगायचं. निवृत्त झाले तेव्हा माईक तिथंच राहिला, सवय घरी आली. हिंगोलीच्या कडेला आमची कॉलनी. तिथं घरामागं त्यांचं परस, काळ्याभोर मातीचं. त्यात सात वाफे आणि प्रत्येक वाफा म्हणजे एक फलाट. एकवर हळद, दोनवर भेंडी, तीनवर गवार, चारच्या मांडवावर दोडका. पावसाळ्यातल्या भाज्या गेल्या की तिथं मेथी, पालक, मुळा, कांदा 'लागतो'. मुळा उशिरा उगवला तर म्हणतात, "लेट हाय, कॅन्सल न्हाई." पालकाला कीड लागली तर, "ब्रेकडाऊन झालं." एकदा मी विचारलं, "साहेब, कारलं कसं आहे यंदा?" तर म्हणाले, "भरून गेलं, गुरुजी. उभं राहायला जागा न्हाई."

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. मीही हसायचो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे हसणं माझं कामच आहे.

पण एका वर्षी मी त्या नोटिशीवर लक्ष ठेवलं. चारवरच्या दोडक्याला त्यांनी रविवारी सांगितलं, पुढच्या रविवारी सुटायचं. दोडका तेव्हा हिरवागार होता, फुलं होती, दोन दोडके तर नुकते धरलेले. बुधवारी पानं पिवळी पडायला लागली. शनिवारी शेंड्यापर्यंत वेल वाळला. रविवारी सकाळी मारोतरावांनी विळा आणलाच नाही. नुसता हात लावला आणि वेल मांडवासकट खाली आला. "टायमावर सुटली," म्हणाले आणि तो भारा खताच्या खड्ड्यात टाकला. मी संगीताला सांगितलं, की वेलाचं नैसर्गिक आयुष्य संपलं. ती म्हणाली, "मग तुमचा चेहरा का असा झालाय?"

आता त्या सातव्या वाफ्याचं सांगतो.

सातवा वाफा आमच्या भिंतीला लागून आहे. बाकीच्या सहा वाफ्यांसारखाच तोही दरवर्षी तयार होतो. मारोतराव तो टिकावानं खणतात, ढेकळं हातानं फोडतात, शेणखत घालतात, लिंबोळीची पेंड घालतात, चारी बाजूंनी बांध घालून माती अशी सारखी करतात, की बघत राहावं. आणि मग त्यात काही लावत नाहीत. काहीही नाही. रोज संध्याकाळी झारीनं पाणी मात्र घालतात. गवताची एक काडी उगवली तर खुरप्यानं काढतात. नुसती काळी, ओली, रिकामी माती. थंडी संपेपर्यंत.

कॉलनीत कुजबूज सुरू झाली नसती तरच नवल. दूधवाला म्हणाला, खाली काहीतरी पुरलंय. कोपऱ्यावरच्या देशमुखबाई म्हणाल्या, पुरलंय नव्हे, बसवलंय. मी एकदा धीर करून भिंतीवरून विचारलं, "साहेब, सातवर काही लावलं नाही अजून?"

"गाडी लागायची हाय."

"कोणती?"

"ते मला ठाऊक असतं तर रडायचं काहून?" असं म्हणाले आणि झारी भरायला गेले.

रोज संध्याकाळी एक ते सहा फलाटांची घोषणा झाली, की ते सातव्या वाफ्याकडे तोंड करायचे. "फलाट क्रमांक सातवर..." एवढं म्हणून थांबायचे. चांगले पाच-दहा श्वास थांबायचे, गिलास तसाच तोंडाशी. कुणी आतून सांगतंय आणि आपण ऐकतोय, असे मान कलती करून. मग हळूच म्हणायचे, "बरं." आणि घरात जायचे. त्या थांबण्यात आमच्या स्वयंपाकघरातला कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा नाही, असं मला वाटायचं. संगीतानं त्या बाजूची खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. मी कारण विचारलं तर म्हणाली, डास येतात.

ही गोष्ट तीन वर्षांची. त्याआधी वाफे सहाच होते. त्याआधी गयाकाकू होत्या.

गयाकाकू म्हणजे मारोतरावांची बायको. ठेंगणी, गोल, तोंडात कायम लवंग. परसात खणायचं काम साहेबांचं, पेरायचं काकूंचं. ते वाफा बांधून बाजूला व्हायचे आणि काकू मुठीत बी घेऊन कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं भिरकावायच्या. साहेबांना शेपूचा वास सहन होत नसे. स्टँडावर कुणी शेपूची भाजी डब्यात आणली, तर ते खोपट सोडून बाहेर उभे राहायचे म्हणे. आणि काकूंचा जीव शेपूवर. त्यामुळं आमच्याकडं शेपू झाला, की काकू मागच्या दारानं येऊन ओट्याशी उभ्या उभ्या भाकरीबरोबर खायच्या, तोंड धुवायच्या, दोन लवंगा चावायच्या आणि घरी जायच्या. मोठी चोरटी बाई!

तीन वर्षांमागं, गणपती उठल्यावर चार दिवसांनी, काकू जरा पडते म्हणून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यातल्या नवमीला मारोतरावांनी मला त्या सकाळचं सांगितलं. नवमी अहेव गेलेल्या बाईची. त्यांनी परसात पान मांडलं होतं. वडे, खीर, कढी, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. भिंतीवर तीन कावळे बसले होते. हलत नव्हते, ओरडत नव्हते, पानाकडे बघत होते. आमच्या वडिलांच्या पानावर हेच तीन कावळे हातातून घास ओढतात. इथं तासभर झाला तरी एक खाली उतरेना.

"बैठकीला रंग देतो!" मारोतराव कावळ्यांना म्हणाले. कावळे गप्प. "तंबाखू सोडतो. आजपासून." गप्प. "तुझ्या भावाशी बोलतो. जातो त्याच्या घरी, मीच जातो." तिन्ही कावळ्यांनी एकदमच माना फिरवल्या आणि उडून गेले.

तुम्ही म्हणाल, बोलण्यापुरतं. अहो, ह्या माणसानं बैठकीला रंग दिला, तंबाखू सोडली आणि बारा वर्षं ज्याच्याशी अबोला होता त्या मेहुण्याच्या दारात कुरुंद्याला जाऊन उभा राहिला. मेहुणा बिचारा इतका भ्याला, की त्यानं आधी पाणी द्यायचं सोडून देवाला दिवा लावला.

त्या दिवशी भिंतीला टेकून ते मला म्हणाले, "गुरुजी, त्या सकाळी ती म्हणली, मला एक वाफा पायजे. म्या म्हणलं, काय लावणार? म्हणली, ते तुमाला काहून? तुमी वाफा द्या. म्या म्हणलं, फलाट सगळे फुल हाईत, देत न्हाई. तशी पदर खोचून भायेर गेली, घटकाभरानं आली अन् पडली. माझ्याशी बोलली न्हाई. दुपारून हाका मारल्या तर..." त्यांनी भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडलं. मग म्हणाले, "वाफा म्या तिच्या तेराव्यानंतर केला. आता काय लावायचं व्हतं तिला, अन् ती माझ्यावर रागावून गेली का, येवढंच मला कळलं पायजे. दुसरं काई न्हाई पायजे मला."

हे मी संगीताला सांगितलं नाही. आधीच खिडकी बंद ठेवते, म्हटलं आणखी कशाला घाबरवा. शहाणपणा करायला गेलो आणि एक वर्ष फुकट घालवलं.

यंदाच्या नवमीला पुन्हा पान मांडलं गेलं. पुन्हा ते तीन कावळे. ह्यावेळी कबूल करायला साहेबांकडं काही उरलं नव्हतं. ते एकदम ओरडले, "अगं, वाफा केलाय ना! तीन साल झाले, करून ठेवलाय! काय लावायचं तेवढं तरी सांग!"

माझ्या मागं काहीतरी पडलं. संगीता ताट घेऊन दारात आली होती. ताट खाली, वडे अंगणभर, आणि ती पांढरीफटक.

घरात नेऊन पाणी दिलं तेव्हा म्हणाली, "शेपू."

"काय?"

"शेपू लावायचा होता काकूंना. त्या सकाळी माझ्याकडं बी मागायला आल्या होत्या. माझे हात पिठाचे, बी माळ्यावरच्या डब्यात. म्हटलं काकू, उद्या काढून देते." आणि ती रडायलाच लागली. "त्यांना कुठला हो उद्या! सवाष्ण बाई दारातून रिकाम्या हातानं पाठवली मी. तो कावळा साहेबांमुळं नाही अडला. माझ्यामुळं अडलाय."

तीन वर्षं ही बाई हे पोटात घेऊन पोळ्या लाटत होती आणि मी डासांची अगरबत्ती आणत होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, चल, आत्ता जाऊन सांगू. तर तिनं माझा हात धरला. "नको. ते काय म्हणतील? आणि लोक काय म्हणतील?" मग माझ्या विज्ञानाच्या डोक्यानं तोडगा काढला. सांगायचं कशाला? गुपचूप बी पेरू. उगवेल. साहेबांना वाटेल काकूंनीच धाडलं. सगळे सुखी. संगीताला हे पटलं नाही, पण तिच्याकडं दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मारोतराव कांद्याची रोपं आणायला कळमनुरीच्या बाजाराला गेले. मी भिंतीवरून उतरलो. भर उन्हाची वेळ, पण त्या वाफ्यात हात घातला आणि अंगावर काटा आला. माती गार होती. नुसती गार नाही, भुसभुशीत, मऊ, हात मनगटापर्यंत आत गेला. कुणीतरी आत्ताच खालून हलवल्यासारखी. मी भराभर रेघा ओढल्या, बी टाकलं, माती सारली आणि चपला तिथंच टाकून भिंतीवर चढलो. संगीतानं काठीनं त्या ओढून घेतल्या.

संध्याकाळी मारोतराव भिंतीपाशी आले. "गुरुजी, तुमच्याकडं शेपू शिजून राहिला का?"

"नाही हो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"मंग वास कुठून येऊन राहिला? चार दिस झाले. लई तकलीफ होऊन राहिली."

चार दिवस! बी पडलं होतं आज दुपारी. ते गिलास घेऊन उभे राहिले. सहा फलाट झाले. "फलाट क्रमांक सातवर..." म्हणाले आणि थांबले. मान कलती केली. मी भिंतीआड उकिडवा बसून श्वास धरला होता. यावेळी ते "बरं" म्हणाले नाहीत. "काय?" म्हणाले. आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "काय म्हणली?"

मी त्या रात्री जेवलो नाही. संगीतानं कारण विचारलं. म्हणालो, अपचन.

घट बसले. चौथ्या माळेच्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली. "गुरुजी. ताईला घेऊन या."

मारोतराव सातव्या वाफ्यापाशी उकिडवे बसले होते. वाफ्यात बारीक, केसासारखी हिरवी रोपं उभी होती. मी आधीच ठरवल्याप्रमाणे छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "अरे वा! उगवलं की! चमत्कारच म्हणायचा!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "गुरुजी, तुमी कधी नाटकात काम केलं व्हतं का?"

"नाही."

"करूबी नका." मग त्यांनी बोटानं वाफा दाखवला. "ती मुठीनं फेकायची. तिचं पेरलेलं कधी ओळीत आलं न्हाई. हे बघा. चार चार बोटावर ओळ, एक रोप इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई. ह्या कॉलनीत ओळ लावल्याबिगर ज्याच्यानं ऱ्हावत न्हाई, असा माणूस एकच हाय."

मी मान खाली घातली. त्यांनी एक पान खुडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. "शेपू," म्हणाले. मग संगीताकडं बघून हळूच विचारलं, "ताई, हेच काहून?"

तिच्यानं मग राहवलं नाही. ती तिथंच मातीत बसली आणि सगळं बोलून मोकळी झाली. पिठाचे हात, माळ्यावरचा डबा, उद्या देते, रिकामी पाठवली. "माझं चुकलं, काका. मला माफ करा," म्हणाली आणि पदर तोंडात घातला.

मारोतरावांना त्यातलं रिकामी पाठवल्याचं काही ऐकूच गेलं नसावं. ते पुढं सरकले. "ती आली तवा कशी व्हती? रागात व्हती का?"

"रागात?" संगीता गोंधळली. "नाही हो. हसत होत्या."

"हासत?"

"हसत हसतच आल्या. म्हणाल्या, म्हातारा वाफा देत नाही म्हणून राहिला. नाही म्हणाला म्हणजे दुपारून करून देतो बघ. जन्मभर असंच करून राहिलाय, आधी नाही म्हणायचं अन् मग गपचूप टिकाव घ्यायचा. म्हणाल्या, शेपू आहे हे त्याला उगवल्याबिगर कळू द्यायचं नाही. आणि हसायलाच लागल्या. मलाही हसू आलं. मी म्हटलं, उद्या देते. बरं बरं, उद्या, म्हणाल्या."

चुरगळलेलं पान मारोतरावांच्या मुठीत तसंच होतं. ते त्यांनी पुन्हा नाकाशी नेलं आणि ह्यावेळी तोंड फिरवलं नाही. मी दुसरीकडं बघायला लागलो, पण दुसरीकडंही तेच परस होतं.

"परत सांगा," ते म्हणाले.

संगीतानं परत सांगितलं. त्यांनी मधे मधे विचारलं. कोणत्या दारानं आली? मागच्या. कुठं उभी व्हती? ओट्यापाशी, डाव्या अंगाला. हासली तवा तोंडावर पदर धरला व्हता का? हो, धरला होता. "बराबर," ते म्हणाले. "दात पडला व्हता तिचा पुढचा."

"अजून एक डाव सांगा, ताई."

तिसऱ्यांदा सांगताना संगीताचा गळा मोकळा झाला होता. म्हातारा देत नाही म्हणतो, दुपारून करून देतो, सगळं झालं. आणि शेवटी, त्यांचा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "आणि जाता जाता म्हणाल्या, जाते बाई, त्यांच्या चहाची वेळ झाली. चहा माझ्या हातचाच लागतो त्यांना."

मारोतराव हसले. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होतो. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते.

"तेवढं खोटं हाय, ताई," ते म्हणाले. "चहा आमच्या घरात जनमभर मीच केला. तिला चुलीपाशी सकाळी कधी जाऊ दिलं न्हाई."

संगीता एवढीशी झाली. "चुकलं, काका. मी आपलं..."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि बाह्यांनी डोळे पुसले. "चांगलं हाय तेबी. पुढल्या बारीला सांगताना धरूनच सांगत जा."